जालन्याच्या पटाला आपला आकडा हवा

बुद्धिबळ खेळणाऱ्या मुलाला आजकाल पहिला प्रश्न विचारला जातो तो 'रेटिंग किती?' जुना जालना असो, भोकरदन असो की परतूर, आपल्याकडच्या बहुतेक मुलांचं उत्तर एकच असतं, 'नाही.' ऐकणारा मग परस्पर ठरवून टाकतो की पोरगं कच्चं असणार. माझं म्हणणं असं की हा निष्कर्ष चुकीचा आहे. रेटिंग खेळ मोजतं, पण ज्यांना मोजणीच्या जागेपर्यंत पोहोचता आलं त्यांचाच. जालन्यातून ती जागा लांब आहे. म्हणून जिल्ह्याला स्वतःचं रेटिंग हवं, आणि ते सुरू करायला कोणाची वाट पाहायची गरज नाही.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. सुट्टीत घरी आलो की मोहल्ल्यातल्या मुलांबरोबर पट मांडून बसतो. ही मुलं मोबाईलवर शेकडो डाव खेळलेली असतात, पण स्पर्धेच्या यादीत त्यांचं नाव कुठेच नसतं. त्यांच्यासाठी आधी हा आकडा येतो कुठून, ते समजून घेऊ.

आकडा कसा बनतो

आर्पाड एलो हे हंगेरीत जन्मलेले आणि अमेरिकेत मिलवॉकीला भौतिकशास्त्र शिकवणारे प्राध्यापक. त्यांची पद्धत अमेरिकी संघटनेने १९६० मध्ये स्वीकारली आणि फिडेने, म्हणजे जागतिक बुद्धिबळ संघटनेने, १९७० मध्ये. कल्पना साधी आहे. दोन खेळाडूंच्या आकड्यांतल्या फरकावरून निकालाचा अंदाज बांधायचा. फरक २०० चा असेल, तर वरच्या खेळाडूने शंभर डावांत साधारण ७६ गुण मिळवावेत अशी अपेक्षा असते. अपेक्षेपेक्षा जास्त मिळाले तर आकडा वाढतो, कमी मिळाले तर घटतो.

किती वाढायचा, हे एका गुणकावर ठरतं. फिडेमध्ये नव्या खेळाडूसाठी तो ४० असतो, बहुतेक अनुभवी खेळाडूंसाठी २०, आणि एकदा २४०० गाठलं की १०. म्हणजे १८०० चा अनुभवी खेळाडू १६०० वाल्याला हरवून पाचेक गुण कमावतो, पण त्याच्याशी हरला तर पंधराएक गमावतो.

यातली मुख्य गोष्ट ही की हा आकडा किलो किंवा मीटरसारखा नाही. तो फक्त तुलना आहे, तुम्ही ज्यांच्याशी खेळलात त्यांच्याशी. सीईटी दिलेल्यांना हे पटकन कळेल. पर्सेंटाइल तुम्हाला किती येतं ते सांगत नाही, परीक्षेला बसलेल्यांत तुम्ही कुठे आहात ते सांगतं. जो परीक्षेला बसलाच नाही, त्याला पर्सेंटाइल नसतं. पण म्हणून तो नापासही नसतो.

प्रत्येक देशाची वेगळी फूटपट्टी

फिडेच्या यादीत सुरुवातीला २२०० च्या खाली कोणी नसायचंच. ती यादी वरच्या खेळाडूंसाठीच होती. मग बाकीच्यांचं काय? अनेक देशांनी आपापली मोजणी तयार केली.

इंग्लंडमध्ये १९५० च्या दशकात रिचर्ड क्लार्क या सनदी अधिकाऱ्याने एक पद्धत बसवली. जिंकलात तर प्रतिस्पर्ध्याच्या ग्रेडमध्ये ५० मिळवायचे, हरलात तर ५० वजा करायचे, बरोबरी झाली तर त्याचीच ग्रेड धरायची, आणि हंगामाची सरासरी काढायची. कागद-पेन्सिलीने जमेल असा हिशोब. तीन आकडी ग्रेड तिथे २०२० पर्यंत चालली. मग चार आकडी पद्धत आली तेव्हा जुन्या ग्रेडला साडेसातने गुणून ७०० मिळवले गेले. १२० ग्रेडवाला १६०० झाला, २०० वाला २२००.

पश्चिम जर्मनीत तर इंगो नावाची पद्धत होती. तिच्यात आकडा जितका कमी तितका खेळाडू चांगला. देश एक झाल्यावर १९९३ पासून तिथे नवी राष्ट्रीय पद्धत आहे, तिला डीडब्ल्यूझेड म्हणतात. अमेरिकेत राष्ट्रीय रेटिंग पार १०० पर्यंत खाली जातं, म्हणजे कालपरवा खेळायला शिकलेल्या मुलालाही आकडा मिळतो. तोच खेळाडू तिथल्या यादीत साधारणपणे फिडेपेक्षा थोडा वर दिसतो, कारण दोन्हीकडचा जमाव वेगळा आहे.

या पद्धतींची गणितं वेगळी असली तरी एक गोष्ट समान आहे. राष्ट्रीय आकडा गल्लीच्या जवळ असतो. इंग्लंड-जर्मनीत गावच्या क्लबमधला, स्थानिक लीगमधला डावही मोजला जातो. त्यासाठी मोठ्या स्पर्धेला जावं लागत नाही.

आपल्याकडे मात्र 'रेटेड' म्हटलं की फिडे रेटिंगच समजलं जातं. २०२४ मध्ये अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघाने भारतीय खेळाडूंसाठी वेगळ्या रेटिंगची घोषणा केली, तिचं स्वागतच आहे. पण अशा रेटिंगची कसोटी चेन्नईत किंवा मुंबईत नसते. मंठा आणि घनसावंगीच्या मुलाचा डाव त्यात मोजला जातो का, ही ती कसोटी.

आकडा वाढला, खेळ तोच

आकड्याला फार पवित्र मानू नये, याचा पुरावा फिडेनेच दिला आहे. १ मार्च २०२४ ला फिडेने यादीची खालची मर्यादा १००० वरून १४०० केली आणि २००० च्या खालच्या सगळ्यांचे आकडे एकदम वाढवले. १००० वाला १४०० झाला, १५०० वाला १७००, १८०० वाला १८८०. त्या रात्रीत कोणाचाही खेळ सुधारला नव्हता. खेळणारी मुलं झपाट्याने सुधारतात, त्यांचे आकडे मागे राहतात, आणि त्यांच्याशी खेळणाऱ्या मोठ्यांचे गुण कारण नसताना घटतात. खालचा भाग असा बिघडला होता, म्हणून ही दुरुस्ती.

पण या दुरुस्तीने नवशिक्यांसाठी दार पुन्हा थोडं वर गेलं. आता १४०० च्या खालचा खेळाडू यादीत नसतो. १३०० च्या ताकदीची मुलगी फिडेच्या दृष्टीने बिनआकड्याची.

मोबाईलवरच्या आकड्याचंही तेच. लिचेसवर प्रत्येकाची सुरुवात १५०० ने होते, आणि तिथली पद्धत एलोची नाही, ग्लिको-२ नावाची आहे. मोबाईलवर १८०० असलेला मुलगा फिडेच्या १५०० वाल्याशी हरला, तर त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. दोन वेगळ्या बाजारांतली ती दोन वेगळी मापं आहेत.

दार कुठे आहे

फिडे रेटिंग मिळवायचं तर रेटिंग असलेल्या खेळाडूंशी किमान पाच डाव खेळावे लागतात. कागदावर हे सोपं दिसतं. पण रेटेड स्पर्धा बहुतेक मोठ्या शहरांत होतात आणि कित्येक दिवस चालतात. नोंदणी, प्रवेश फी, प्रवास, राहणं, शिवाय सोबत आलेल्या अब्बूंची बुडालेली रोजी. स्टील कारखान्यात किंवा मोंढ्यात काम करणाऱ्या माणसाला पुण्याची एक स्पर्धा म्हणजे महिन्याचं गणित बिघडवणं. मुलगी असेल तर 'मुक्कामाला कोण नेणार' हा प्रश्न पटाआधी येतो. मग नागपूर-पुण्याच्या मुलाच्या नावापुढे आकडा असतो आणि आपल्या मुलीच्या नावापुढे रेघ. त्या रेघेत खेळ किती आणि बसभाडं किती, हे कोणी विचारत नाही.

इतिहासात याचं मोठं उदाहरण आहे. पंजाबचे मीर सुलतान खान देशी नियमांचा खेळ खेळत मोठे झाले. त्यांचे मालक सर उमर हयात खान त्यांना लंडनला घेऊन गेले. तिथे त्यांनी १९२९, १९३२ आणि १९३३ अशी तीनदा ब्रिटिश स्पर्धा जिंकली आणि हेस्टिंग्जला माजी विश्वविजेत्या कापाब्लांकाला हरवलं. फिडेने त्यांना मानद ग्रँडमास्टर केलं ते २०२४ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर अठ्ठावन्न वर्षांनी. आपण गुण गातो ते सुलतान खान यांच्या प्रतिभेचे, आणि ते योग्यच आहे. पण ते लंडनला पोहोचलेच नसते, तर ती प्रतिभा जगाला कळलीच नसती. आणि पोहोचणं त्यांच्या हातात नव्हतं.

आपल्या राज्यातलं ताजं उदाहरण नागपूरच्या दिव्या देशमुखचं. जुलै २०२५ मध्ये बातुमीला महिला विश्वचषकात उतरताना आकड्यांनुसार तिचा क्रमांक पंधरावा होता. ती जिंकली, आणि त्या विजयानेच ग्रँडमास्टर झाली. आकड्याने तिला पटापर्यंत नेलं, पुढचं तिने खेळून ठरवलं. आकड्याचं काम एवढंच असावं.

मग करायचं काय

जिल्ह्याची आपली यादी सुरू करायची. एखादी शाळा किंवा वाचनालयाचा हॉल, दर रविवारी, अंबड, बदनापूर, जाफराबाद, जिथे चार पट जमतील तिथे. प्रत्येक डावाच्या चाली कागदावर लिहायच्या आणि दोघांनी सह्या करायच्या. सगळ्यांची सुरुवात १२०० ने, पहिल्या ३० डावांसाठी गुणक ४०, नंतर २०. एका साध्या एक्सेल शीटमध्ये हे बसतं, आणि बारावीतला मुलगा ते सांभाळू शकतो. महिन्याच्या पहिल्या रविवारी यादी भिंतीवर लावायची. मुलामुलींची यादी एकच. पुण्याला मुक्कामाला न पाठवणारं घर दोन गल्ल्या पलीकडच्या हॉलमध्ये मुलीला नक्की पाठवेल.

एक धोका मात्र ओळखून ठेवा. अमेरिकेतल्या व्हर्जिनियाच्या तुरुंगात क्लॉड ब्लडगुड नावाचा कैदी होता. तो सतत कैद्यांशीच खेळत राहिला आणि १९९० च्या दशकात त्याचा राष्ट्रीय आकडा २७०० च्या वर गेला, देशातल्या अव्वल ग्रँडमास्टरांच्या पंक्तीत. बंद खोलीत आकडा असा फुगतो. म्हणून यादीला खिडक्या हव्यात. जिल्ह्यात ज्यांना फिडे रेटिंग आहे त्यांनी त्याच आकड्याने या यादीत उतरून मुलांशी खेळावं. तालुक्यांनी आपसात खेळावं, दोन-तीन महिन्यांतून एकदा छत्रपती संभाजीनगरच्या खेळाडूंना बोलवावं, साठ किलोमीटर काही फार नाही. आणि जालन्यातला १५०० म्हणजे फिडेचा १५०० नव्हे, हे यादीच्या वरच छापावं.

कोणी म्हणेल, या यादीला मान्यता कोण देणार? इंग्लंडच्या ग्रेडला इंग्लंडबाहेर कोण विचारत होतं? तरी तिने आपलं काम केलं, आपल्याच लोकांना आपलं स्थान दाखवलं. आपल्या यादीचा सगळ्यात मोठा उपयोग तर पैशाचा आहे. मोहल्ल्याने वर्गणी काढून वर्षाला चार मुलं फिडेच्या स्पर्धेला पाठवायची ठरवली, तर कोणती चार? आज उत्तर ओळखीवर ठरतं. उद्या ते भिंतीवरच्या कागदावर असेल, आणि शेवटच्या घरातल्या मुलीचं नाव वर असेल तर तिच्या तिकिटाला कोणी नाही म्हणू शकणार नाही.

तुमच्यापैकी ज्यांना कोडिंग येतं, ज्यांच्याकडे हॉलची किल्ली आहे, किंवा ज्यांच्या घरी एखादा पट धूळ खात पडला आहे, त्यांनी येत्या रविवारपासून सुरुवात करावी. पहिल्या महिन्यात यादीत आठ नावं आली तरी पुरे.