विश्लेषण : सातच्या पाच जागा झाल्या, आता चार? चिपळूण मतदारसंघाचा इतिहास काय सांगतो?

सात निवडणुका, चार आमदार आणि सलग तिसऱ्यांदा विजय एकाचाही नाही. १९९५ पासूनचा चिपळूण विधानसभा मतदारसंघाचा हिशेब एवढ्यात मांडता येतो. सावर्डे येथील शेखर निकम सध्या दुसऱ्यांदा आमदार आहेत. ते तिसऱ्यांदा जिंकतील का, यावर चर्चा रंगेलच. पण त्याहून मोठा प्रश्न वेगळा आहे : हा मतदारसंघ आजच्या रूपात राहील का?

आजवर कोण जिंकले?

१९९५ आणि १९९९ मध्ये शिवसेनेचे भास्कर जाधव विजयी झाले. २००४ मध्ये पक्षाने उमेदवारी नाकारल्याने ते अपक्ष लढले आणि राष्ट्रवादीच्या रमेश कदम यांनी जागा जिंकली. २००९ आणि २०१४ मध्ये सदानंद चव्हाण यांनी ती पुन्हा शिवसेनेकडे आणली. २०१९ मध्ये शेखर निकम यांनी त्यांचा पराभव केला. जाधव यांनी २००९ पासून शेजारचा गुहागर मतदारसंघ गाठला, तोही आधी राष्ट्रवादीकडून आणि नंतर शिवसेनेकडून.

गेल्या तीन निवडणुकांचे आकडे काय सांगतात?

- २०१४ : सदानंद चव्हाण (शिवसेना) ७५,६९५, शेखर निकम (राष्ट्रवादी) ६९,६२७. फरक ६,०६८.
- २०१९ : शेखर निकम १,०१,५७८, सदानंद चव्हाण ७१,६५४. फरक २९,९२४.
- २०२४ : शेखर निकम (राष्ट्रवादी, अजित पवार) ९६,५५५, प्रशांत यादव (राष्ट्रवादी, शरद पवार) ८९,६८८. फरक ६,८६७.

निकम यांची स्वतःची मते पाच वर्षांत जेमतेम पाच हजारांनी कमी झाली. मताधिक्य मात्र २३ हजारांनी घटले. याचा अर्थ, त्यांची मते फारशी फुटली नाहीत, विरोधातली मते एका ठिकाणी गोळा झाली. २०१९ मध्ये शिवसेना एकसंध आणि समोर होती. २०२४ मध्ये शिवसेनेचा एक गट निकम यांच्या युतीत होता, तर दुसरा यादव यांच्या आघाडीत. त्याच वर्षी लोकसभेला नारायण राणे विजयी झाले, पण चिपळूण विधानसभा क्षेत्रात ते मागे राहिले होते. म्हणजे सहा महिन्यांत इथल्या मतदारांनी महायुतीला एकदा नकार आणि एकदा काठावरचा होकार दिला.

सावर्डेचे महत्त्व काय?

मुंबई-गोवा महामार्गावरचे सावर्डे हे चिपळूण शहर आणि संगमेश्वर तालुका यांच्या मधले गाव. कातनिर्मितीसाठी ते ओळखले जातेच, पण राजकारणात त्याची ओळख आहे ती सह्याद्री शिक्षण संस्थेमुळे. शेखर निकम यांचे वडील गोविंदराव निकम १९८९ आणि १९९१ मध्ये काँग्रेसकडून रत्नागिरीचे खासदार होते. १९९६ पासून ती जागा शिवसेनेच्या अनंत गीते यांच्याकडे गेली. शिवसेनेच्या त्या लाटेतही शाळा-महाविद्यालयांतून जोडलेली घरे टिकली. पक्षापेक्षा माणूस बघून मत देण्याची सवय इथे का आहे, याचे एक उत्तर यात सापडते.

मतदारसंघ कसा बदलला?

२००८ च्या पुनर्रचनेपूर्वी रत्नागिरी जिल्ह्यात सात जागा होत्या : दापोली, खेड, गुहागर, चिपळूण, संगमेश्वर, रत्नागिरी आणि राजापूर. त्यातील खेड आणि संगमेश्वर या जागा गेल्या. चिपळूण तालुक्याचा काही भाग गुहागरला जोडला गेला आणि संगमेश्वर तालुक्यातील देवरूखचा परिसर चिपळूणमध्ये आला.

कारण साध्या भागाकारात आहे. २००१ च्या जनगणनेत राज्याची लोकसंख्या ९.६९ कोटी होती. ती २८८ जागांत वाटली की एका जागेमागे सुमारे ३.३६ लाख लोक येतात. रत्नागिरीची लोकसंख्या होती १६.९७ लाख. भागाकार ५.०४, म्हणून जागा पाच.

मग पुढे काय?

हाच हिशेब २०११ च्या आकड्यांवर करून पाहू. राज्य ११.२४ कोटी, म्हणजे एका जागेमागे ३.९० लाख. रत्नागिरी मात्र १६.१५ लाखांवर घसरली. भागाकार येतो ४.१४. एकूण जागा २८८ च राहिल्या, तर जिल्ह्याच्या वाट्याला चार. राज्याच्या एकूण जागा वाढल्या, तर जिल्ह्याच्या पाच कदाचित टिकतील, पण २८८ मधल्या पाचचे वजन उरणार नाही.

८४ व्या घटनादुरुस्तीने विधानसभेच्या एकूण जागा २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत गोठवल्या आहेत. त्यामुळे पुढच्या जनगणनेत रत्नागिरीचा आकडा काय येतो, याला महत्त्व आहे. गणपतीला आणि शिमग्याला भरणारी घरे एरवी कुलूपबंद असतात. मुंबई-पुण्यात कामाला गेलेला माणूस जनगणनेत तिथे मोजला जातो, गावच्या घरात नाही.

सर्वसामान्यांना याने काय फरक पडतो?

२२ जुलै २०२१ च्या महापुरात चिपळूण बुडाले. ऑक्टोबर २०२३ मध्ये महामार्गाच्या चौपदरीकरणात बहादूरशेख नाक्याजवळ बांधकाम सुरू असलेल्या उड्डाणपुलाचा भाग कोसळला. वाशिष्ठीतला गाळ असो की रखडलेला महामार्ग, हे प्रश्न विधानसभेत कोणीतरी लावून धरावे लागतात. मतदारसंघ मोठा झाला की एका आमदाराच्या वाट्याला जास्त गावे, जास्त वाड्या आणि तेवढाच वेळ येतो. डोंगराळ तालुक्यात लोकसंख्या कमी असली तरी अंतर कमी होत नाही.

आमदार कोण, हे मतदार ठरवतात. मतदारसंघ किती, हे माणसांची संख्या ठरवते. चिपळूणकरांनी पहिला अधिकार दर वेळी जपून वापरला आहे. दुसरा मात्र दर वर्षी रेल्वे आणि एसटीने गाव सोडून जातो आहे.