नांगर शेतातला आणि समुद्रातला

नांगर म्हटला की वाशीम जिल्ह्यातील माणसाच्या डोळ्यांपुढे काळी जमीन उभी राहते, समुद्र नव्हे. तेव्हा भर समुद्रातील तेलविहिरींना रसद पुरविणाऱ्या आणि तेथील अवजड नांगर उचलून हलविणाऱ्या नौका पुढे कशा बांधाव्यात, ह्या प्रश्नाशी आमचा काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे. १९७४ साली मुंबई हाय येथे तेल सापडले. तेथील वायू किनाऱ्यावर आला आणि त्याच्या आधारावर अलिबागजवळ थळचा खतकारखाना उभा राहिला. आमच्या बांधावर उतरणाऱ्या युरियाच्या पोत्यात त्या नौकांवरील खलाशांच्या कष्टांचाही अंश आहे.

ह्या कष्टांची किंमत मे २०२१ मधील तौक्ते वादळात दिसली. स्वतःचे यंत्र नसलेला पी-३०५ हा निवासी तराफा नांगर तुटून भरकटला, तेलफलाटावर आदळला आणि बुडाला. त्यावरील २६१ जणांपैकी ७५ प्राणांस मुकले. वरप्रदा ह्या टगवरील १३ जणांपैकी दोघेच परतले.

नवी नौका म्हणजे निर्धोक नौका, असेही नव्हे. २००७ च्या एप्रिलमध्ये शेटलंड बेटांजवळ 'बुर्बाँ डॉल्फिन' ही नौका नांगर हाताळीत असता साखळीचा ताण बाजूने येऊन कलंडली व आठ जण बुडाले. ती बांधून पुरते वर्षही झाले नव्हते! नौकेची ओढण्याची ताकद कितीही असो, आडवा ताण आल्यावर ती किती तग धरील, हाच खरा प्रश्न होय.

नौकाबांधणीचे शास्त्र थांबलेले नाही. २००६ साली 'बुर्बाँ ओर्का' ह्या नांगरनौकेचे पुढचे टोक मागे कललेले बांधले गेले. त्यामुळे लाटांचा तडाखा सौम्य होतो. नॉर्वेत २००३ पासून रसदनौका द्रवरूप वायूवर चालू लागल्या, पुढे त्यांत विजेऱ्याही आल्या. इंधन वाचते, धूर घटतो. हे स्वागतार्हच आहे.

परंतु केवळ इंधनाचा हिशेब मांडणारे आराखडे आम्हांस अपुरे वाटतात. साखळीचा ताण मर्यादेबाहेर जाताच कप्तानास इशारा मिळावा, ती तत्क्षणी सोडता यावी आणि नौका कोणत्याही कुशीवर कलली तरी जीवरक्षक तराफे हाती लागावेत, ही आराखड्याची पहिली ओळ असली पाहिजे. पी-३०५ वरील अनेक तराफे फुटके निघाल्याचे वाचलेल्यांनीच सांगितले. म्हणजे उत्तम आराखडाही नियमित तपासणीवाचून व्यर्थ. नौका भाड्याने घेणाऱ्यांनी सर्वांत स्वस्त दराआधी ह्या गोष्टी पाहाव्यात आणि सरकारने त्यांना तसे भाग पाडावे.

शेतातला नांगर मोडला तर एक हंगाम बुडतो. समुद्रातला तुटला तर घरेच्या घरे बुडतात. हा फरक आराखडा काढणाऱ्याने विसरता कामा नये.