भांडे भरून उचलावे

दुकानासाठी माल घेताना आपण तो हाताळून, पारखून घेतो. स्वयंपाकघरातील भांडी मात्र चकाकीवर भुलून घेतो. मीही तसेच केले. पिण्याचे पाणी उकळण्यासाठी ८ लिटरचे जाड बुडाचे पातेले आणले. दुकानात रिकामे उचलले तेव्हा ते भारदस्त वाटले, इतकेच. गेल्या चातुर्मासात एके सकाळी उकळलेले पाणी परातीत ओतताना सासूबाईंचे मनगट कलले आणि पाणी त्यांच्या पावलापासून वीतभर अंतरावर सांडले. एका लिटरला एक किलो, म्हणजे पाण्याचेच वजन ८ किलो. त्यावर पातेल्याचे निराळे. शिवाय त्याला कान नव्हते, सगळा भार सांडशीवर. हा हिशेब व्यापाऱ्याच्या घरात कोणालाच सुचला नाही!

आता ४-४ लिटरची दोन पातेली आहेत, हात सहज मावेल अशा रुंद कानांची. पाणी दोन खेपांत उकळते. भगिनींनो, भांडे दुकानातच पाण्याने भरावे आणि घरातील सर्वांत अशक्त हाताला उचलावयास द्यावे. दुकानदार हसला तर हसू द्यावे.

टिकाऊपणा बुडावरून ओळखावा. स्टीलमधून उष्णता सावकाश पसरते, म्हणून चांगल्या भांड्याच्या बुडात ॲल्युमिनियमचा किंवा तांब्याचा थर असतो. पातळ बुडाला दूध हमखास लागते. लोहचुंबकाच्या परीक्षेवर मात्र विसंबू नये. ३०४ प्रतीच्या स्टीलला तो सहसा चिकटत नाही, पण कमी निकेलच्या २०२ प्रतीलाही चिकटत नाही. आणि इंडक्शनसाठी तर चुंबकीय बूड मुद्दाम बसवितात. त्यापेक्षा पावतीवर प्रत लिहून घ्यावी. नॉनस्टिकचा लेप झिजतोच. ते भांडे पिढीजात समजू नये.

घरातील जुनी पितळी पातेली मोडीत घालू नयेत. कल्हई शाबूत असावी, चिंच-आमसुलाची आमटी मात्र स्टीलमध्येच करावी. कल्हईचे कथिल २३२ अंश सेल्सिअसला वितळते, म्हणून असे भांडे रिकामे आचेवर ठेवू नये. सूर्यास्तापूर्वीच्या घाईत ही चूक फार होते.

ते ८ लिटरचे पातेले सासूबाईंनी काढू दिले नाही. सध्या त्यात तूरडाळ आहे.