पावणेआठचा ताप

माझ्या नेहमीच्या वाचकांना ठाऊकच आहे की, या पानावर मी भाषा सोडून बाकी सगळ्या विषयांवर लिहिते. वर्षभर वर्गात भाषेवरच बोलावे लागते, त्याचा हा सूड! दिवाळी अंकासाठी करंजीसारखे खुसखुशीत काहीतरी द्या, असे संपादकांनी बजावले होते. त्याप्रमाणे मी सारण तयारही केले होते. पण परवा सकाळी पावणेआठला फोन वाजला आणि करंजी राहिली बाजूलाच.

फोन आमच्याच विभागातल्या एका तरुण प्राध्यापिकेचा होता. "मॅडम, पिल्लूचं अंग कोमट लागतंय हो. पाळणाघरात पाठवू की नको?"

पावणेआठ या वेळेचे मर्म, घरात तीन-चार वर्षांचे मूल असल्याशिवाय कळत नाही. डबे भरून झालेले असतात, साडीला पिन लावायची राहिलेली असते आणि मुलाचे वडील पहिल्या पाळीसाठी केव्हाच सातपूरच्या कारखान्यात पोचलेले असतात. (आमच्या नाशकात निम्मे वडील त्या वेळी एकतर सातपूरला असतात, नाहीतर अंबडला.) म्हणजे ताप मोजायची वेळ येते तेव्हा घरात मोठे माणूस एकच उरते. आणि तो "कोमट" शब्द पाहा. गरम म्हटले तर घरी राहावे लागेल, गार म्हणायला जीभ रेटत नाही. हा शब्द बहुधा एखाद्या नोकरदार आईनेच मराठीला दिला असावा!

त्या कोमटपणात मीही पाचसहा वर्षे काढली आहेत. मुलीच्या काखेत थर्मामीटर लावायचा आणि तो "पिं" करण्याच्या आतच काढून पाहायचा. नव्व्याण्णव! शाबास! शंभरावर आकडा गेला की दुसऱ्या काखेत लावायचा. तिथे कमी भरला तर ती काख खरी. मुलीला किती ताप आहे, हे मला विचारायचेच नसे. मला कॉलेजात जायची परवानगी हवी असे, आणि ती मी एका थर्मामीटरकडे मागत असे.

शेवटचा उपाय म्हणजे ते गुलाबी औषध. साडेसातला पाजले की आठ वाजेपर्यंत कपाळ निवायला लागते. मूल हसते, बूट घालते, टाटा करते. औषधाचा अंमल चार-सहा तास. म्हणजे साडेअकरा-बारापासून ताप पुन्हा चढायला मोकळा. तोवर आपले तास आटोपलेले असतात. हे गणित आईला कोणी शिकवावे लागत नाही. आमच्या पाळणाघराच्या काकूंनाही ते पाठ होते. त्या एकदा म्हणाल्या होत्या, "औषध पाजून पाठवलेलं पोर मी दहाला ओळखते, ताई. खेळत नाही. दाराशी बसतं."

आता कोणी म्हणेल, एवढे काय? रजा टाकायची! त्यांच्यासाठी थोडे सांगते. २००८ साली केंद्र सरकारने आपल्या महिला कर्मचाऱ्यांना सबंध नोकरीत ७३० दिवसांची बालसंगोपन रजा दिली. महाराष्ट्र सरकारने २०१८ साली आपल्या कर्मचाऱ्यांना १८० दिवस दिले. २०१७ साली तर कायद्यात दुरुस्ती होऊन, पन्नास किंवा त्याहून जास्त माणसे कामाला असतील तिथे पाळणाघराची सोय हवी, असेही ठरले. उत्तम झाले. पण पाळणाघर धडधाकट मुलाचे. तापलेल्या मुलाला तिथेही दार बंद. आणि तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या बाईला या रजांतला एक दिवसही मिळत नाही. जितके तास घ्याल तितक्यांचे पैसे, तेही परीक्षा उलटून गेल्यावर. परवा फोन करणारी याच तत्त्वावर आहे. २०१६ साली मीही होते.

त्या वर्षीचा फेब्रुवारी मी विसरलेले नाही. मुलगी साडेतीन वर्षांची होती. सकाळी अंग कोमट, आणि पोटावर दोन लाल ठिपके. डास चावला असेल, असे मी ठरवले. कांजिण्यांची लस टोचून घ्यायची राहिली होती, हेही त्या क्षणी आठवले. पण आठवण बाजूला सारण्याची कला पावणेआठला आपोआप येते. औषध पाजले, फ्रॉक घातला आणि तिला काकूंच्या हाती देऊन कॉलेज गाठले. ठिपक्यांबद्दल बोलले नाही. औषधाबद्दलही नाही.

गंमत पाहा, त्या दिवशी प्रथम वर्षाला अलंकार शिकवायचे होते. हे मुख की हा चंद्र, असा संशय पडला की ससंदेह. आणि संशय न राहता भ्रमच झाला, हातून तशी कृतीही घडली, की भ्रांतिमान. मी उदाहरणे देत होते आणि माझी ससंदेहातून भ्रांतिमानात गेलेली मुलगी काकूंच्या दाराशी बसून होती.

बाराच्या सुमारास काकूंचा फोन आला. (त्यांच्या वहीत आईबाप दोघांचे नंबर असत, फोन मात्र नेहमी आईलाच. हा नियम कोणी केला, कोण जाणे.) मी पोचले तेव्हा ठिपके पाठीवर, मानेवर, केसांत गेले होते. काकूंनी तिला वेगळ्या खोलीत, मांडीवर घेतले होते. आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात काकूंची लेक उभी होती. सातव्या महिन्यात माहेरी आलेली.

गरोदरपणी कांजिण्या म्हणजे साधे दुखणे नव्हे. ते फुप्फुसांवर जाऊ शकते. एवढे मला कळत होते. तोंडातून शब्द फुटेना. शेवटी मीच विचारले, "हिला लहानपणी झाल्या होत्या?"

"तिसरीत असताना," काकू म्हणाल्या. "अंगभर. कडुनिंबाच्या पाल्यावर निजवली होती."

मी तिथेच पायरीवर बसले.

डॉक्टरांनी मला जवळजवळ निर्दोष सोडले. कांजिण्यांचा संसर्ग पुरळ दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच सुरू होतो. म्हणजे सोमवारी, मंगळवारी ती हसत खेळत असतानाच व्हायचे ते होऊन गेले असेल. आता सगळ्या फोडांवर खपल्या धरेपर्यंत घरी ठेवा, म्हणाले. साध्या शेंबडासाठी घरी बसवू नका. या वयाच्या मुलाला वर्षातून सहा-आठ वेळा सर्दी व्हायचीच. ताप असेल तर मात्र औषधाशिवाय चोवीस तास उतरलेला राहू द्या. या "औषधाशिवाय"वर त्यांनी जरा जोर दिला. चेहऱ्यावरून ओळखले असावे.

काकूंनी मात्र सोडले नाही. पंधरा दिवसांनी मुलीला घेऊन गेले, तेव्हा त्या म्हणाल्या, "पाठवलीत त्याचा राग नाही हो. नोकरी आहे, मला कळतं. पण ठिपके दिसले होते ना तुम्हांला? मग दारात सांगायचं होतं. मी तिला आधीच वेगळी बसवली असती."

त्याच आठवड्यात पाळणाघरातले सगळ्यांत धाकटे, नऊ महिन्यांचे बाळ फोडांनी भरले. लस टोचण्याइतके त्याचे वयही नव्हते. बरे झाले ते, पण त्याच्या आईने पतपेढीतून आठ दिवस बिनपगारी रजा घेतली. ती मला अजून भाजीबाजारात भेटते. मोकळेपणाने बोलते. तिला कधी कोणी सांगितले की नाही, मला माहीत नाही. मी सांगितलेले नाही. आज इथे लिहिते आहे.

तर परवाचा फोन. मी विचारले, "औषध दिलंस?"

पलीकडे शांतता. मग हळूच, "आत्ताच. पाच मिनिटं झाली."

"मग ठेव घरी. आज तुझे दोन तास मी घेते, शनिवारी माझे दोन तू घे. हिशेब तोच राहील. आणि पाळणाघरात फोन करून, येत नाही एवढंच नको, का येत नाही तेही सांग. काल तो कोणाबरोबर खेळला ते त्यांना ठाऊक असतं."

"यांना सांगू का अर्धा दिवस घ्यायला?"

"आधी तेच विचारायला हवं होतंस," मी म्हटले. मला कोणी विचारले असते तर मीही तेच शेवटी विचारले असते, हा भाग वेगळा.

अकराच्या तासाला मोबाइल थरथरला. चोरून पाहिला. पिल्लू सोफ्यावरून उड्या मारते आहे, ताप नाही, भूक लागली म्हणून दोनदा वरणभात खाल्ला. खाली लिहिले होते : "मॅडम, पाठवायला हवा होता का हो?"

वर्गात हजेरी चालू होती. मी मोबाइल पालथा ठेवला आणि पुढचा नंबर पुकारला.