वेदनेपासून मुक्तता हा रुग्णाचा हक्क



“आता करण्यासारखे काही उरले नाही, रुग्णास घरी न्या,” हे शब्द आपणांपैकी पुष्कळांनी इस्पितळाच्या पायरीवर ऐकले असतील. ते शब्द खरे नाहीत. रोग बरा करण्याजोगे काही उरले नसेल. परंतु वेदना, धाप, मळमळ, पाठीस पडणारे व्रण आणि रात्रीची भीती यांवर करण्यासारखे पुष्कळ असते. या उपचारास उपशामक सेवा म्हणतात. सिसिली साँडर्स या विदुषीने १९६७ साली लंडनमध्ये अशा सेवेचे सुसज्ज रुग्णालय उभारले आणि जगाला ही वाट दाखविली. मुंबईत शांती अवेदना सदन १९८६ साली निघाले. पुण्यास वारजे येथे सिप्लाचे केंद्र १९९७ पासून विनामूल्य सेवा देत आहे. पण मुंबई-पुण्यापासून दूर राहणाऱ्या शेतमजुराने काय करावे?

कर्करोगाच्या तीव्र वेदनेवर मॉर्फीन हे गुणकारी औषध आहे. त्याची गोळी पोटात घेता येते. वेदना अनावर होण्याची वाट न पाहता ती घड्याळ लावून, बहुधा दर चार तासांनी द्यावयाची असते, आणि तिच्याबरोबर शौचास साफ होण्याचे औषधही द्यावे लागते. डॉक्टरांच्या देखरेखीखाली योग्य मात्रेत दिल्यास वेदनाग्रस्तास व्यसन जडणे विरळाच. हे औषध ज्या अफूपासून होते, ती मध्यप्रदेश, राजस्थान व उत्तरप्रदेशात सरकारी परवान्याने पिकते, परदेशीही जाते. आणि त्याच देशातील गरीब रुग्ण मात्र कण्हत पडतो! १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने परवान्यांचे एवढे जंजाळ माजविले की इस्पितळांनी हे औषध ठेवणेच सोडून दिले. २०१४ साली संसदेने दुरुस्ती करून मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांची वाट सोपी केली. कायदा बदलला, कचेरीतील व दवाखान्यातील भीती मात्र तेवढ्या वेगाने बदलली नाही.

केरळाकडे पहा. कोझिकोड येथे १९९३ साली डॉ. राजगोपाल व त्यांच्या सहकाऱ्यांनी काम आरंभिले. पुढे गावोगावचे सामान्य स्त्रीपुरुष त्यात शिरले, शेजारच्या रुग्णाच्या घरी जाऊ लागले, लहान लहान वर्गण्या गोळा करू लागले. २००८ साली त्या राज्याने याविषयी स्वतंत्र धोरणच जाहीर केले. हे काम श्रीमंतीने झाले नाही, संघटनेने झाले. आणि संघटना ही आपणांस नवी गोष्ट नाही.

अतिसाराने लोळत पडलेल्या एका भिक्षूची कथा विनयपिटकात आहे. तो इतरांच्या उपयोगी पडत नव्हता, म्हणून कोणी त्याच्याकडे फिरकत नव्हते. तथागतांनी आनंदासह त्यास स्वहस्ते धुतले. कमावणे थांबलेल्या म्हाताऱ्याच्या अंथरुणाकडे आपण कसे पाहतो, हा प्रश्न ज्याने त्याने स्वतःस विचारावा. आणि दुखण्यास ‘पूर्वजन्मीचे भोग’ म्हणणारा कोणी घरात आला, तर त्यास दारातूनच परत पाठवावे. पूर्वजन्मीच्या कर्माची ती समजूत बाबासाहेबांनी साफ नाकारली आहे.

घरातील शुश्रूषेचा भार बहुधा पत्नीवर, सुनेवर वा शाळा सुटलेल्या मुलीवर पडतो. तिची मजुरी बुडते ती निराळीच. रुग्णास कूस कशी बदलावी, तोंड कसे स्वच्छ ठेवावे, जखम कशी धुवावी, हे तिला कोणी शिकवीत नाही. परिचारिकेने घरी येऊन हे शिकवावे, तिचीही विचारपूस करावी, हा उपशामक सेवेचाच भाग आहे. ती उपकाराची बाब नव्हे.

म्हणून आपल्या वस्तीतील चार माणसांनी जिल्हा रुग्णालयात जावे. तेथे उपशामक सेवेचा कक्ष आहे काय, मॉर्फीनच्या गोळ्या मिळतात काय, परिचारिका घरी येते काय, हे तीन प्रश्न लेखी विचारावेत आणि अर्जाची पोच घेतल्याखेरीज परतू नये.