गिऱ्हा हवा!

भुतांवर आपण फार अन्याय केला आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. लगेच कपाळाला आठ्या घालू नका. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे, बँकेत कारकुनी करतो आणि २०१३ साली झालेल्या जादूटोणाविरोधी कायद्याचा संपूर्ण समर्थक आहे. अंगारे-धुपारेवाले भोंदू तुरुंगातच हवेत. पण भोंदू वेगळा आणि भूत वेगळं. भोंदू पैसे घेतो. भुतानं कुणाकडून दमडी घेतल्याचं ऐकिवात नाही.

कोकणातल्या भुतांचं खातं नीट लावलेलं आहे. वेताळ हा साहेब, खवीस वसुलीवाला, मुंजा पिंपळावर बसून राहिलेला कायमचा उमेदवार आणि गिऱ्हा म्हणजे पाणीखातं. नाशिकचे कलेक्टर जॅक्सन – १९०९ मध्ये अनंत कान्हेऱ्यांनी ज्यांना गोळ्या घातल्या तेच – लोकसमजुती टिपून ठेवीत. ती टिपणं हाताशी घेऊन एन्थोवेनसाहेबांनी १९१५ च्या सुमारास कोकणच्या लोकसमजुतींचं पुस्तक केलं. साहेब राज्य करायला आला आणि जाताना भुतांचीसुद्धा खानेसुमारी करून गेला. आपण मात्र माणसांच्या शिरगणतीतच दमतो.

गिऱ्ह्याचं जीवशास्त्र सोपं आहे. वस्ती पाण्यात. बुडून मेला तो गिऱ्हा होतो, म्हणजे या जातीची पैदास सर्वस्वी माणसाच्या निष्काळजीपणावर अवलंबून. संचार रात्रीचा. काठावर एकटा वाटसरू दिसला की, 'या, या, गुडघाभरच पाणी आहे,' म्हणून बोलावतो आणि खोलात नेतो. त्याचे केस कापून लपवून ठेवले तर तो जन्माचा गडी होतो म्हणतात. केस परत त्याच्या हाती लागले की मात्र धन्याची धडगत नाही. थोडक्यात, तारणावर चालणारा चोख व्यवहार.

पण त्याचा खरा उपयोग या गडीकामाहून मोठा होता. वसईच्या वाड्यांतून बावखलं असत. बावखल म्हणजे गोड्या पाण्याचं तळं. पावसाचं पाणी त्यात साठायचं, जमिनीत मुरायचं, विहिरी भरायच्या, केळी आणि पानवेली जगायच्या आणि समुद्राचं खारं पाणी आपल्या पायरीनं राहायचं. पावसाळ्यात भरणा, उन्हाळ्यात उचल – असं बिनचूक बचत खातं मी आमच्या बँकेतही पाहिलेलं नाही. आणि या खात्यावर बिनपगारी रखवालदार कोण? गिऱ्हा! 'तिन्हीसांजेला बावखलाकडे जाऊ नकोस, गिऱ्हा ओढील,' एवढं आजीनं म्हटलं की आम्ही पोरं घरात. ना कुंपण, ना पाटी, ना दंडाची पावती.

मग दिवे आले, रस्ते आले आणि गिऱ्हा गेला. त्याचं दुःख नाही. दुःख याचं की, तो जी जागा राखत होता तीही त्याच्यामागून गेली. पाण्याची भीती संपली, पण पाण्याची चाड काही आली नाही. बावखलांत डबर पडलं, मातीचे ट्रक रिकामे झाले, वर सपाट प्लॉट. फादर फ्रान्सिस दिब्रिटोंसारख्यांनी हरित वसईसाठी घसा कोरडा केला. पण आपण शिकलीसवरलेली माणसं, आपण ना गिऱ्ह्याला भ्यायलो, ना फादरचं ऐकलं. जुलै २०१८ मध्ये पाण्यानं आपली जुनी जागा परत मागितली. वसई-विरार बुडालं, वीज गेली, लोकल थांबल्या. एरवी टँकरची वाट पाहणारे आम्ही, गुडघाभर पाण्यात उभे राहून पुन्हा टँकरचीच वाट पाहत होतो!

आमच्या इमारतीतले निवृत्त मास्तर यावर म्हणतात, ''अहो, मुलांना भूत दाखवण्यापेक्षा पोहायला शिकवा.''

कबूल. पण मास्तर, पोहायला तळं कुठं शिल्लक आहे? भीती काढून टाकायची तर त्या जागी शहाणपण बसवायला हवं. आपण जागा रिकामी ठेवली आणि रिकाम्या जागेचं वसईत काय होतं, हे तुम्हाला ठाऊक आहे.

आता एक कबुली देतो. आमची इमारत ज्या जागेवर उभी आहे, तिथं पूर्वी बावखल होतं. हे मला वडिलांनी सांगितलं, पण घरभरणीच्या दिवशी, म्हणजे कर्ज मंजूर होऊन सह्या झाल्यावर. सह्या करण्याआधी मी बिल्डरला विचारलं होतं, ''पावसाळ्यात पाणी भरतं का हो इथं?''

तो हसून म्हणाला, ''छे हो साहेब! या, या. फार तर घोट्याइतकं.''

गिऱ्हा निदान गुडघ्यापर्यंत तरी सांगत असे.