पुरून ठेवलेली ठेव

मत्तयकृत शुभवर्तमानात एक दृष्टांत आहे. परदेशी निघालेला धनी आपल्या तीन चाकरांच्या हाती आपले धन सोपवितो. दोघे ते व्यवहारात घालून दुप्पट करतात. तिसरा भयापोटी ते जमिनीत पुरतो आणि धनी परतल्यावर जसेच्या तसे त्याच्यापुढे ठेवतो. धन्याचा कोप होतो तो या तिसऱ्यावर. त्याने अफरातफर केलेली नव्हती. मिळालेले कोणाच्याही उपयोगी पडू दिले नाही, एवढाच त्याचा अपराध. या कथेतील चांदीच्या मापाच्या नावावरूनच इंग्रजीतील 'टॅलेंट' हा शब्द रूढ झाला. आपण मात्र गुणवत्ता म्हणजे पारितोषिके आणि पगार, असेच समजत आलो.

या दृष्टांताचा अर्थ कोणा आयुष्यात वाचावयाचा असेल, तर होळकरांच्या इंदूरकडे पाहावे. मराठी माणसाला कधीच परके न वाटलेल्या या शहराकडे येणाऱ्या एका बसमध्ये २५ फेब्रुवारी १९९५ रोजी सिस्टर राणी मारिया यांची भोसकून हत्या झाली. त्या ४१ वर्षांच्या होत्या. केरळातील पुल्लुवळी गावच्या शेतकरी कुटुंबात त्या १९५४ साली जन्मल्या, आणि फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट संघात व्रतस्थ होऊन उत्तर प्रदेशातील बिजनोर, मग सतना जिल्हा आणि १९९२ पासून देवास जिल्ह्यातील उदयनगर असा त्यांचा प्रवास झाला.

त्यांच्यापाशी कोणती अलौकिक देणगी होती? आमच्या मते एकही नव्हती. हिंदी मुलखात येऊन तेथील भाषा आपलीशी करणे, आदिवासींना एकत्र बसविणे, सरकारी योजना समजावून सांगणे, त्यांना थोडी थोडी बचत करावयास लावणे, हे सारे गुण आपल्यापैकी शेकडोंच्या अंगी असतात. फरक इतकाच की त्यांनी ते पुरून ठेवले नाहीत. बियाण्यासाठी सावकाराच्या दारी जाण्याची पाळी ज्यांच्यावरून टळली, त्यांच्या सुटकेचा हिशेब सावकाराच्या वहीत तोटा म्हणूनच लिहिला जाणार होता. मारेकरी समंदरसिंग याला जन्मठेप झाली. आपल्याला चिथावण्यात आले होते, असे पुढे त्यानेच सांगितले.

मिशनऱ्यांच्या सेवेमागे धर्मांतराचाच हेतू असतो, असा आक्षेप घेणारे आहेत. हेतूची चर्चा अवश्य व्हावी. परंतु कर्जमुक्त झालेल्या शेतकऱ्याचा धर्म विचारण्यापूर्वी, त्याला कर्जात बुडताना पाहून आपण काय केले, हेही आक्षेपकांनी स्वतःस विचारावे.

आणि देणगी केवळ कर्तृत्वाचीच असते असे नाही. राणी मारियांच्या धाकट्या भगिनी सिस्टर सेल्मी पॉल यांनी २००२ साली इंदूरच्या तुरुंगात जाऊन त्याच समंदरसिंगाच्या हाताला राखी बांधली. २००६ साली त्याची सुटका झाली, आणि तो ज्यांना मारले त्यांच्या उदयनगर येथील समाधीपाशी जाऊ लागला. क्षमा करण्याची शक्तीही प्रत्येकास ठेव म्हणून मिळालेली असते. बहुतेक जण तीच सर्वांत खोल पुरतात.

४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूर येथे चर्चने राणी मारियांना 'धन्य' म्हणून घोषित केले. संतपदाच्या अलीकडची ही पायरी. हा मान ख्रिस्ती समाजास भूषणावह आहेच. परंतु थोरांना वेदीवर बसविले की त्यांच्यासारखे वागण्यातून आपली सुटका होते, हा समज सर्वच धर्मांत बोकाळला आहे. आमच्या किनारपट्टीवर चर्चची घंटा आणि देवळातली घंटा एकाच वाऱ्यावर ऐकू येतात. त्या ऐकणाऱ्या शिक्षकाने, वकिलाने, बँकेतल्या कारकुनाने आपल्या विद्येतला एक तास तरी ज्याला तिचा मोबदला देता येणार नाही अशासाठी राखून ठेवावा. धनी केव्हा परतेल, हे दृष्टांतातल्या चाकरांनाही ठाऊक नव्हते.